काटागो, आठ महिन्यांच्या वापरानंतर: सगळा वैताग त्या अर्ध्या गुणाचा

काटागो हे गो खेळणारं संगणक-इंजिन किती ताकदवान आहे हे नव्यानं सांगायला नको. फुकट आहे आणि वाट्टेल ती कोमी (काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला मिळणारे भरपाईचे गुण) घालून चालतं. लीला झीरो या दुसऱ्या गो इंजिनाच्या नेटवर्कांत (खेळ शिकवलेल्या मॉडेलांत) ७.५ जणू कोरलेलीच होती. कोमी बदलली की त्यांचे अंदाज कोलमडायचे. काटागो शिकतानाच वेगवेगळ्या कोमी खेळलेलं आहे. हीच त्याची सगळ्यात मोठी सोय, आणि चुकीच्या सेटिंगवर रात्र-रात्र वीज जाळायची सवलतही हीच देते.

९×९ च्या छोट्या बोर्डवर कोमी ७.५ ठेवून दोन तगडी नेटवर्कं रंग आलटून-पालटून लढवा. निकाल निम्मा-निम्मा येतो आणि दोघं तुल्यबळ वाटतात. रंगानुसार मोजलं की कळतं, बहुतेक डाव पांढऱ्याचेच. चाचणी नेटवर्कांची झालीच नाही, रंगाची झाली. ६.५ केलं की हेच उलटं, काळा सुटतो.

कारण साधं अंकगणित आहे. चिनी पद्धतीत खडे आणि वेढलेली जागा दोन्ही मोजतात. १९×१९ वर ३६१ बिंदू, ९×९ वर ८१, दोन्ही विषम. सगळे बिंदू वाटले गेले की काळा-पांढऱ्यातला फरकही विषमच येतो: ५, ७, ९. त्यामुळे ५.५ आणि ६.५ मध्ये व्यवहारात काही फरक नाही, दोन्हींत काळ्याला ७ नं पुढे राहावं लागतं. ७.५ आणि ८.५ चंही तसंच, तिथे ९ लागतात. खरी उडी ६.५ ते ७.५ या एकाच पायरीवर आहे. अपवाद सेकीचा, म्हणजे दोन्ही गट एकमेकांना मारू शकत नाहीत अशा स्थितीचा: दोघांच्या मधे एकच सामाईक बिंदू मोकळा राहिला तर फरक सम होतो. पण असे डाव थोडे.

पडताळायला पाच मिनिटं पुरतात. रिकामा बोर्ड, नियम चिनी, काही हजार व्हिजिट्स (इंजिन चालीसाठी तपासतं त्या शक्यता). कोमी ५.५, ६.५, ७, ७.५ अशी बदलत विनरेट (जिंकण्याची शक्यता) टिपा. पहिल्या दोन आकड्यांत जेमतेम हालचाल, पुढे एकदम झोका. फक्त स्कोअरलीड (किती गुणांनी पुढे याचा अंदाज) पाहाल तर फसाल, कारण ती सरासरी आहे आणि ही पायरी तिच्यात दिसत नाही. नियम जपानी केले की पायरी नाहीशी होते. तिथे दामे (कुणाच्याच नसलेले मोकळे बिंदू) मोजत नाहीत, म्हणून फरक समही येतो, आणि न्याय्य आकडा ६ च्या आसपास बसतो. चिनी नियमांत तो ७ आहे. ९×९ वरही ७ च, आणि तिथला अंदाज १९×१९ पेक्षा कितीतरी पक्का. १९×१९ साठी सिद्धता कुणाकडेच नाही. ताकदवान नेटवर्कांचं एकमत तेवढं आहे.

मग ७ ठेवा आणि मोकळे व्हा, असं मलाही वाटत होतं. काही आठवड्यांत मत बदललं. ९×९ वर ७ ठेवलं की तगडी इंजिनं बरोबरीमागून बरोबरी करतात. न्याय झाला, पण कोण सरस हे कळायला आधीपेक्षा जास्त डाव लागतात, म्हणजे पुन्हा वीजच. आता ९×९ वर पहिल्या चार-सहा चाली बाहेरून ठरवून देतो. विनरेट साधारण ४० ते ६० मधे राहील अशाच सुरुवाती ठेवायच्या, आणि प्रत्येक सुरुवात रंग बदलून दोनदा खेळवायची. १९×१९ वर मात्र ७ उत्तम. कमी व्हिजिट्सवर ७.५ सुद्धा चालून जातं, कारण मधल्या चुकाच अर्ध्या गुणाला गिळतात.

पूर्णांक कोमी ठेवलीत तर कॉन्फिगमधे (सेटिंगच्या फाइलीत) बरोबरी पांढऱ्यासाठी किती विजयांची धरायची ते पाहा. ०.५ हवं. दुसरा कुठला आकडा राहिला असेल तर इंजिन एका बाजूला बरोबरी मिळवायलाच धडपडतं, आणि हे डाव बघूनही चटकन लक्षात येत नाही.

बाकी खड्डे किरकोळ, पण वेळ खाणारे. नमुना कॉन्फिगमधे नियम ट्रॉम्प-टेलर आहेत, म्हणजे चिनीसारखे क्षेत्र मोजणारेच. जपानी डाव तपासताना नियम आणि कोमी दोन्ही बदला. जीटीपीत (इंजिनाला द्यायच्या आज्ञांच्या भाषेत) बोर्ड साफ केल्यानं कोमी मूळ आकड्यावर येईल असं धरू नका, दर डावाआधी पुन्हा पाठवा. हँडिकॅपच्या डावांत (कमजोर काळ्याला आधीच काही खडे देतात तिथे) चिनी नियम पांढऱ्याला हँडिकॅपच्या प्रत्येक खड्यामागे एक गुण देतात. तो कोमीत हातानं मिळवलात तर दोनदा मोजला जातो.

आणि एसजीएफ, म्हणजे डाव साठवायच्या फाइली! काही सर्व्हर कोमीच्या रकान्यात ३७५ लिहितात. ते पावणेचार खडे, शंभरानं गुणलेले. चिनी मोजणीतले पावणेचार खडे म्हणजे आपले ७.५. तसंच आत घेतलं तर विश्लेषण बिघडतं. शेकड्यानं फाइली चालवायच्या असतील तर आधी छोटी स्क्रिप्ट लिहून हा रकाना तपासा: आकडा ० ते १० च्या बाहेर दिसला की फाइल बाजूला.