१५०-६०० लेन्स आणि परसातले शिंजीर: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत ही १५०-६०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी लेन्स घेतली तेव्हा डोक्यात हमिंगबर्डच होते, ते कोस्टारिकातले फोटो बघून बघून. पण हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर नाहीत, साताऱ्यात आपल्या नशिबी शिंजीर, म्हणजे फुलातला मध पिणारा चिमुकला सनबर्ड. (दर पावसाळ्यात कुणीतरी ‘हमिंगबर्ड सापडला’ म्हणून व्हिडिओ पाठवतंच. तो फुलापुढे तरंगणारा पतंग (कीटक) असतो.)

पहिलीच गोची अंतराची. जास्वंद खिडकीपासून दोन मीटरवर, आणि ही लेन्स पावणेतीन मीटरच्या आत फोकसच करत नाही. घेण्याआधी वाचायला हवं होतं. शेवटी आईची बोलणी खात कुंड्या कंपाउंडकडे सरकवल्या. मग पंधरा दिवस फुलाच्या तोंडावर फोकस लावून बसलो, आणि हा पठ्ठ्या देठाकडून फुलाला भोक पाडून मध पिऊन जायचा! तेव्हापासून फोकस देठाकडे.

हमिंगबर्डवाले पंख गोठवायला तीन-चार फ्लॅश मांडतात. शिंजीर बहुतेक वेळा बसूनच पितो, त्यामुळे १/८०० सेकंदाचा शटर स्पीड पुरतो. क्वचित फुलापुढे फडफडला तर १/२००० सुद्धा कमी पडतो. खरी डोकेदुखी रंगाची. जांभळ्या शिंजिराची चमक पिसांच्या रचनेतून येते, ऊन आपल्या पाठीमागून आलं तरच दिसते; नाहीतर चांगला पक्षी कोळशाचा तुकडा. सकाळी साडेसात ते नऊ, बस्स. त्यानंतर मी कॅमेरा उचलत नाही. ढगाळ हवेत ६००ला लेन्स एफ ६.३ पेक्षा जास्त उघडत नाही, उजेड कमी, म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० आणि दाणेदार फोटो, हे धरूनच चाला.

वजन दोन किलोच्या आसपास. मार्चमध्ये अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पांगारा फुलला होता, तिथे दहा मिनिटांत हात थरथरायला लागले. आता जुन्या पॅन्टच्या पायात तांदूळ भरून शिवलेली उशी लेन्स टेकवायला बरोबर असते. ट्रायपॉडपेक्षा मला तीच आवडते.

जुलैत मात्र गाढवपणा केला. लेन्स बॅगेतच कपाटात ठेवली. साताऱ्याचा पाऊस, बंद कपाट, ऑगस्टमध्ये काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. साफ करायला दिली ती तीन आठवड्यांनी मिळाली, आणि झूम रिंग तेव्हापासून जड फिरते. आता लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात राहते.

फक्त परसातल्या फुलांसाठी घेणार असाल तर १००-४०० बघा, हलकी पडते. मी ही विकणार नाही. सध्या नराने जांभळा कोट उतरवलाय, पिवळ्या छातीवर मधोमध काळी रेघ तेवढी उरलीय. आई म्हणते, आता तरी कुंड्या जागेवर आण.