तीन लिटरचा इन्स्टंट की सहा लिटरचा गॅस गीझर? दोन हिवाळ्यांचा अनुभव

दिवाळी सरली की नाशिकला पहाटे नळाचं पाणी हाताला झोंबायला लागतं. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच. घरात पाच माणसं आणि सगळ्यांच्या आंघोळी साडेसातच्या आत उरकायच्या.

गेल्या वर्षी दुकानदार म्हणाला, "वहिनी, तीन लिटरचा इन्स्टंट घ्या, लगेच गरम पाणी." घेतला. जानेवारीत घरातल्यांची रोजची चिडचिड ऐकून शेवटी थर्मामीटर आणि मोबाइल घेऊन बाथरूममध्ये बसले. टाकीचं पाणी १५ अंश. ते ४० वर येईल इतका नळ बारीक केला, तर १८ लिटरची बादली भरायला साडेदहा मिनिटं! यात गीझरचा दोष नाही. ३ किलोवॅटची कॉइल पाणी २५ अंशांनी तापवायचं म्हटलं तर मिनिटाला पावणेदोन लिटरच देणार. खोक्यावरचे ३ लिटर म्हणजे आत मावणारं पाणी, हे दुकानात सांगायला हवं होतं.

यंदा सहा लिटरचा गॅस गीझर बसवला. इथे सहा लिटर म्हणजे मिनिटाला, तेही २५ अंश वाढ धरून. तीच बादली सव्वातीन मिनिटांत भरते. सासूबाई आता निवांत दुसरी बादली मागतात. सलग तासभर चालवला तर साधारण किलोभर गॅस जातो; आमचा १४.२ किलोचा सिलिंडर दीड महिना पुरतो.

पहिले चार दिवस मात्र तो पेटतच नव्हता. पाण्याचं पुरेसं प्रेशर आल्याशिवाय तो पेटत नाही; टाकी जवळ असल्याने ते मुळातच कमी, त्यात पाणी आत येतं तिथली जाळी क्षाराने बुजलेली. जाळी साफ केली, टाकीवरून पाऊण इंची वेगळी लाइन आणली, तेव्हा चालू झाला. वरच्या मजल्यावर राहत असाल तर किमान किती प्रेशर लागतं ते आधी बघा.

बसवायला आलेला माणूस पाइप वाचावा म्हणून तो बाथरूममध्येच लावत होता. मी ठाम नाही म्हटलं. गॅस जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. बंद बाथरूममध्ये माणूस कळायच्या आत बेशुद्ध पडतो. आमचा ड्राय बाल्कनीत आहे, आत फक्त गरम पाण्याचा पाइप येतो. दोनशे-तीनशे रुपयांसाठी इथे तडजोड अजिबात करू नका.

जुना तीन लिटरवाला स्वयंपाकघरात सिंकवर लावलाय. तुपाची कढई धुवायला तेवढी धार भरपूर होते.