राज्य लॉटरीचं तिकीट काही महिने घेऊन बघितलं, त्याचा अनुभव

उन्हाळ्यापासून महाराष्ट्र राज्य लॉटरीचं तिकीट अधूनमधून घेतोय, मधी गणपतीचं आन दिवाळीचं बंपर, म्हणजे मोठ्या बक्षिसाची खास सोडत, ते पण घेतलं. लिहायचं कारण एवढंच की आपल्याकडं लातूरला लॉटरी म्हणलं की लोकं डायरेक्ट मटकाच धरतात. गोलाईत, म्हणजे इथल्या मुख्य बाजारात, हातात तिकीट बघून एक ओळखीचे काका जवळ येऊन हळूच विचारतात, "आज ओपन काय येईल रे?" काका, ते वेगळं, हे वेगळं. हे सरकारचं आहे, 1969 पासून चालू, आन केंद्राच्या 1998 च्या कायद्यानं एका आकड्यावर बक्षीस ठेवताच येत नाही, त्यामुळं मटक्यातलं एकेका आकड्याचं ओपन-क्लोज इथं बसतच नाही. बंपर पण वर्षाला सहाच, जास्त काढता येत नाहीत.

खेळायला डोकं लागत नाही. तिकीट कागदी, सिरीज आन नंबर छापूनच येतो, आपण फक्त कोणतं उचलायचं ते ठरवायचं. विकणारा गठ्ठा पत्त्यासारखा पसरून धरतो आन लोकं शेवटचे आकडे गाडीच्या नंबराशी जुळवत बसतात, पोराच्या जन्मतारखेशी जुळवतात, त्यानं काडीचा फरक पडत नाही, पण मागं रांग थांबलेली असते तरी कुणी घाई करत नाही हे मात्र खरं. सोडत वाशीला, निकाल सरकारी साईटवर, पीडीएफ उघडून स्वतः बघायचा. विक्रेत्याच्या फळीवरचा निकालाचा कागद कधी कधी जुनाच असतो.

आता पैशाचं. मोठं बक्षीस सोडा, ते कुणाला लागतं ते लागतं. खरा खेळ शेवटच्या चार आकड्यांवरच्या बारक्या बक्षिसांचा आहे. सोडतीत चार आकड्यांचा एक नंबर काढला तर चान्स दहा हजारात एक, दहा काढले तर हजारात एक, हिशोब सोपा आहे. मला एकदा असंच बारकं लागलं, विक्रेत्याकडं गेलो तर तो म्हणतो, "नगद कशाला भाऊ, ह्याची तिकिटंच घ्या की." म्हणजे लागलेले पैसे परत गठ्ठ्यातच! मी नगदच मागितले, त्यानं तोंड वाकडं केलं पण दिले. बहुतेक लोकं इथंच तिकिटं घेऊन निघून जातात.

टॅक्सचं आधी माहीत असलेलं बरं. जीएसटी तिकिटाच्या किमतीतच असतो, 22 सप्टेंबर 2025 पासून 28 चा 40 टक्के झाला, म्हणजे 100 च्या तिकिटात 28 रुपये 57 पैसे कराचेच गेले. बक्षीस 10,000 च्या वर गेलं की 30 टक्के टीडीएस म्हणजे इन्कम टॅक्स आधीच कापूनच हातात येतं, लाखाचे 70 हजार, आन रिटर्न भरताना सेस, म्हणजे टॅक्सवरचा जादा कर, धरून 31.2 टक्के होतो. बाकी कमाई शून्य असली तरी सूट नाही, आन वर्षभर घेतलेल्या तिकिटांचा खर्च वजा करतो म्हणलं तर ते पण चालत नाही. मोठ्या बक्षिसाला वाशीच्या ऑफिसात अस्सल तिकीट, पॅन, बँकेचे कागद द्यावे लागतात, लातूरहून ते काही जवळ नाही. तिकीट घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवू नका, धुण्यात गेलं की संपलं. मागं छापलेली मुदत पण बघा, कारण न मागितलेलं बक्षीस सरकारजमा होतं.

एक कटकट अशी की माझा मोबाईल नंबर कुठून गेला काय माहीत, आता व्हॉट्सॲपवर केरळच्या 25 कोटीच्या ओणम बंपरची तिकिटं घरपोच म्हणून मेसेज यायलेत. केरळची तिकिटं केरळातच, कागदीच मिळतात, ऑनलाइन विक्री नाहीच. नंतर "तुमचा नंबर लागला, आधी टॅक्स भरा" म्हणून क्यूआर कोड येतो. खरा टॅक्स बक्षिसातूनच कापला जातो, आधी भरा असं कुणी म्हणत नाही. आमच्या गल्लीत एकानं पाच हजार पाठवून पण दिले होते, बायकोनं बघितलं म्हणून दुसरा हप्ता थांबला.