घोड्यांच्या टिप्सची मौसमी वर्गणी: पुण्यापासून गिनीच्या शर्यतीपर्यंत वापरून झाल्यावर

मौसमाची वर्गणी संपायच्या आदल्या रात्री खात्यातून न विचारता परत 2,999 रुपये कापले गेले, म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर असले अनुभव लिहिणाऱ्यातला मी नव्हे. अ‍ॅपचं नाव देत नाही. अशी अ‍ॅपं आणि ग्रुप बाजारात चिक्कार आहेत आणि थोड्याफार फरकानं सगळ्यांचं रडगाणं एकच आहे, त्यामुळं जे घ्यायच्या विचारात असतील त्यांना उपयोग होईल.

विन, प्लेस, क्विनेला, जॅकपॉट म्हणजे काय हे वाचणाऱ्यांना माहीत आहे असं धरतो. माझं म्हणाल तर कोल्हापुरात रेसकोर्स आता नाक्याच्या नावातच उरलंय, त्यामुळं पुण्याला कॅम्पात किंवा मुंबईला महालक्ष्मीला जाऊन, तिथल्या खिडकीवर रोख देऊन तिकीट घ्यायचं एवढाच माझा नाद. फोनवरून कुणाला तरी आकडा सांगून पैज लावायचा धंदा मी करत नाही. म्हणजे माझ्या प्रत्येक शर्यतीच्या दिवसावर गाडीभाडं बसतं, आणि टीप चुकली की तेही बुडतं. हिशोब मी वहीत ठेवतो. घरात यावरून चेष्टा होते, पण या अ‍ॅपबद्दल आज जे काही ठामपणे बोलू शकतोय ते त्या वहीमुळंच.

घेतलं कशासाठी ते आधी सांगतो. पुण्याचा पावसाळी मौसम सुरू होताना जाहिरात आली की डिसेंबरातल्या इंडियन वन थाउजंड गिनीपर्यंत सगळ्या टिप्स, वर गिनीसाठी खास पुस्तिका. तीन वर्षांच्या फिलींची, म्हणजे तरुण घोड्यांतल्या माद्यांची शर्यत, 1600 मीटर, महालक्ष्मीवर. मला सगळ्या क्लासिक, म्हणजे मानाच्या, शर्यतींत हीच जास्त आवडते, आणि टीप द्यायला हीच सगळ्यात अवघड. या वयाच्या घोड्या अजून कच्च्या असतात. निम्म्याजणी तोवर 1200 किंवा 1400 च्या पुढं धावलेल्याच नसतात, मैलभराला दम टिकतो का नाही ते ट्रेनरलासुद्धा नक्की सांगता येत नाही. त्यात माजावर आली की महिन्यापूर्वी वाऱ्यासारखी पळालेली घोडी स्टार्टिंग गेटमध्येच आडमुठेपणा करते. अशा ठिकाणी जाणत्या माणसाचा सल्ला पैसे देऊन घ्यावा असं मला वाटलं, आणि अजूनही वाटतं.

पहिले काही आठवडे बरे गेले. सकाळी टिप्स यायच्या, शर्यतीमागं तीन नंबर, पहिल्या पसंतीपुढं एक तारा. फेव्हरिट, म्हणजे सगळ्यात कमी भावाचे घोडे, बऱ्याचदा लागायचे. पण फेव्हरिट सांगायला 2,999 कशाला पाहिजेत? भाव बघितला की ते शेंबड्या पोरालाही कळतं. आणि रुपयाला 40 पैसे भावाच्या, म्हणजे रुपयावर 40 पैसे जास्तीचे देणाऱ्या घोड्याचं गणित बघा. 2023 च्या ऑक्टोबरपासून पणाच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. मी वहीत 100 च्या पणाला 140 खर्च लिहितो. घोडा लागला, हातात 140 आले. घसा कोरडा पडेस्तोवर ओरडून मिळकत शून्य, आणि एसटीचं भाडं अंगावर. अ‍ॅपच्या ‘यशाच्या टक्केवारी’त मात्र हा घोडा जिंकलेला. शिवाय एकरकमी 10,000 च्या वर लागलं की 30 टक्के टीडीएस जातो, त्याचा तर पत्ताच नाही. त्यांच्या मुख्य पानावर मोठ्या अक्षरांत आहे की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये म्हटलंय. ते खरंच आहे. पण तो निकाल शर्यतीबद्दल होता, यांच्या टक्केवारीबद्दल नव्हता.

आता मुख्य दुखणं. यावर मी जास्त लिहिणार आहे, वाटल्यास पुढं सरका.

या अ‍ॅपमध्ये टीप पाठवल्यावर बदलता येते. बदलली की खाली उजव्या कोपऱ्यात करड्या रंगात ‘सुधारित’ असा शब्द येतो, एवढ्या बारीक अक्षरांत की मला चष्मा काढून फोन नाकाशी धरावा लागला. शर्यतीआधी बदलली तर काहीच हरकत नाही. घोडा मागं घेतला, जॉकी बदलला, पाऊस पडून मैदान जड झालं, शंभर कारणं असतात. पण पुण्यात एका शनिवारी माझ्या लक्षात आलं की सकाळी मी वहीत 4, 7, 2 असं उतरवलं होतं आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत अ‍ॅप उघडलं तर तिथं 7, 4, 2. जिंकला होता सात नंबर. आधी वाटलं उतरवताना मीच चुकलो. तेव्हापासून टीप आली की स्क्रीनशॉट काढायला लागलो. पुढच्याच आठवड्यात परत तेच. तारा एका घोड्यावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसलेला, आणि ‘सुधारित’ची वेळ शर्यत संपल्यानंतरची.

ग्राहक सेवेला फोन लावला. बाईंचा आवाज गोड, वागणं नम्र.

“सर, ते लाइव्ह अपडेट असतं.”

“शर्यत संपल्यावर कसलं लाइव्ह, ताई?”

“सर, तुमची तक्रार मी वरिष्ठांकडं पाठवते. अजून काही मदत करू शकते का?”

वरिष्ठांकडून उत्तर आलं ते असं की टिप्सचा क्रम हा प्राधान्यक्रम समजू नये. मग तो तारा कशाला? चौथीतल्या पोरानं पेपर तपासून आल्यावर उत्तर खोडून लिहिलं तर मास्तर दोन टाकतो, इथं त्यालाच पहिला नंबर देऊन वर बक्षीस म्हणून माझ्याकडून वर्गणी घेतात.

त्या रागात मी अ‍ॅपला पाचपैकी एक तारा देऊन मोकळा होणार होतो. पण खरं ते सांगितलं पाहिजे, मध्येच एक गोष्ट अशी सापडली की माझं मत निम्मं फिरलं.

अ‍ॅपच्या अगदी तळाला ‘पॅडॉक’ नावाचं एक खातं आहे. जाहिरातीत त्याचा उल्लेखसुद्धा नाही. शर्यतीआधी घोडे पॅडॉकमध्ये फिरवतात तेव्हा तिथं उभा राहून एक वयस्क गृहस्थ मिनिट-दीड मिनिटाचा आवाजी निरोप टाकतात. नाव सांगत नाहीत. बोलण्यावरून आयुष्य तबेल्यात गेलेला माणूस वाटतो, आणि मराठी आपल्याकडचं, घाटावरचं. टीप अशी देतच नाहीत, जे दिसतं ते सांगतात. “दोन नंबर कान मागं पाडून चाललीय, शेपटी सारखी आपटतीय, आज हिचा मूड नाही.” “पाच नंबरचं मागचं पाऊल पुढच्या खुराच्या ठशाच्या चांगलं पुढं पडतंय, मोकळी चाललीय.” “सहा नंबर भरलीय जरा जास्त, एका शर्यतीनंतर बघा.” बस. भाव नाही, आरडाओरडा नाही, ‘आज धमाका’ नाही.

मी हे निरोप गवळी गल्लीतल्या आमच्या बाळूला ऐकवले. पाडव्याला म्हशी सजवून पळवणाऱ्यांतलं हे घराणं, जनावराचं त्याला कुणी शिकवायला नको. बाळूनं दोन-तीन ऐकले आणि म्हणाला, “भावा, ह्यो माणूस खरा हाय. बाकीचं बंद कर अन् एवढंच ऐक.” गंमत म्हणजे जनावर समोर असताना मला जे दिसत नव्हतं ते यांचा निरोप कानाला लावून दिसायला लागलं. रेलिंगला उभं राहून ऐकायचं आणि त्याच वेळी घोडीकडं बघायचं. तिकिटाच्या पैशात एवढी करमणूक दुसरीकडं नाही.

आता गिनीची पुस्तिका. निम्मी चांगली, निम्मी उचललेली. चांगलं काय तर अंतराचा भाग. 1200 मीटरला दोन-तीनदा जिंकलेली फिली 1600 ला का संपते, आईच्या बाजूचं रक्त का बघायचं, सुरुवातीला लगाम ओढून पळणारी घोडी शेवटच्या 200 मीटरला का बसते, हे नीट समजावलंय. गिनी जिंकणारी पुढं ओक्स, म्हणजे फिलींचीच पण लांब पल्ल्याची शर्यतही जिंकेल का, यावरही चांगलं पान आहे. इंग्लंडात 2016 ला माइंडिंग या घोडीनं आणि 2020 ला लव्ह या घोडीनं दोन्ही जिंकल्या, पण मैलाचा वेग आणि दीड मैलाचा दम एकाच घोडीत मिळणं हा अपवाद, हे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. हे पान मी दोनदा वाचलं.

उचललेलं काय तर बाकी सगळं इंग्लंडातल्या न्यूमार्केटच्या रेसकोर्सचं. 1814 ला पहिली वन थाउजंड गिनी झाली, शार्लट जिंकली, ठीक आहे, माहिती म्हणून असू दे. पण गेटच्या नंबरावरून कुणाला फायदा यावर दोन पानं आहेत ती तिथल्या सरळ मैलाबद्दल! तिथं वळण नाही, घोळका मैदानाच्या या बाजूनं येतो की त्या, यावर सगळं ठरतं. महालक्ष्मीला 1600 धावताना वळण घ्यावं लागतं. आतल्या-बाहेरच्या गेटाचं गणितच वेगळं. त्याबद्दल अवाक्षर नाही. 2018 ला बिल्सडन ब्रुक ही फिली 66 ला 1, म्हणजे रुपयाला 66 रुपये भावानं जिंकली, त्या शर्यतीच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा भाव, हे मात्र ठळक अक्षरांत, म्हणजे आपण लांबच्या भावाचे घोडे लावून हरलो तरी यांना नावं ठेवू नयेत. आपल्याकडं 1943 ची पहिलीवहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या फिलीनं नरांना हरवून जिंकली, एवढी तयार गोष्ट हाताशी असून ती पुस्तिकेत नाही. ती कुठल्या इंग्रजी साइटवर आयती सापडली नसेल.

गिनीला मी महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलो. रात्री अंबाबाईच्या गावातून बसायचं, सकाळी दादरला उतरून लोकलनं महालक्ष्मी. रेसला जाणाऱ्या कोल्हापूरकराला रेल्वेनं एवढी तरी सोय केलीय. अ‍ॅपचा तारा ज्या सात नंबरच्या फिलीवर होता ती फेव्हरिट, दोन्ही विजय आखूड अंतराचे. यांच्याच पुस्तिकेप्रमाणं जिच्यापासून सावध राहायचं तीच. पॅडॉकवाल्या काकांचा निरोप आला: “सात नंबर घामेजलीय. मानेवरचा घाम चालतो, पण हिला मागच्या पायांच्या मधी फेस धरलाय. सईस दोन्ही हातांनी धरून फिरवतोय. चार नंबर बघा, कूस चमकतीय, पाणी प्यायला आल्यासारखी शांत चाललीय.” मी रेलिंगवरून वाकून बघितलं. मांड्यांच्या मधे साबणासारखा पांढरा फेस, डोळ्यांचं पांढरं दिसतंय. सईस पोरगा बिचारा घोडीपेक्षा जास्त घामाघूम.

मी चार नंबरवर प्लेस घेतलं, म्हणजे जिंकली नाही पण पहिल्या काही नंबरांत आली तरी पैसे. विन घ्यायला हवं होतं वगैरे म्हणू नका, माझा नियम माझ्या खिशाचा आहे. फेव्हरिट वळणापासून पुढं होती, शेवटच्या 200 मीटरला पाय संपले. चार नंबर बाहेरून आली आणि आरामात निघून गेली. प्लेसचे थोडेफार मिळाले, एका बाजूचं रेल्वेभाडं सुटलं.

संध्याकाळी अ‍ॅप उघडलं. तारा चार नंबरवर. खाली करड्या अक्षरांत ‘सुधारित’. वर लाल पट्टी: ‘गिनीची विजेती आमच्याकडं होती!’ तुमच्याकडं नव्हती हो, तुमच्या तळाला दडवून ठेवलेल्या त्या म्हाताऱ्याकडं होती. त्याचं नाव टाकलं असतं तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या. सकाळचा आणि संध्याकाळचा, दोन्ही स्क्रीनशॉट मी त्यांना पाठवले. उत्तर: ‘तुमच्या अभिप्रायाबद्दल आभार.’

त्यानंतर आपोआप कापलेले 2,999. घेताना ‘ऑटो-पे’ची खूण आधीच मारून ठेवलेली असते, ती काढायची जागा चार पानं आत आहे. घेणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी ती शोधा, किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जाऊन मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) तिथूनच रद्द करा, ते सोपं पडतं. मला गळ म्हणून ओक्सचा अंदाज फुकट पाठवला. मथळा: ‘तीन वर्षांच्या फिलींची प्रतिष्ठेची ओक्स’. ही इंग्लंडातल्या एप्समच्या ओक्सची नक्कल. आपल्याकडं 1 जानेवारीला सगळ्या घोड्यांचं वय एका दमात वाढतं, त्यामुळं डिसेंबरच्या गिनीत तीन वर्षांच्या असलेल्या त्याच फिली नव्या वर्षात इंडियन ओक्सला चार वर्षांच्या म्हणून 2400 मीटर धावतात. टिप्स विकणाऱ्याला हे माहीत नसेल तर त्याला गेटचा नंबर तरी कशाला विचारायचा?

तेव्हा गुण असे: पॅडॉकला पाच पैकी पाच. पुस्तिकेतल्या अंतराच्या भागाला साडेतीन. ताऱ्यांना शून्य, आणि उणे गुण द्यायची सोय असती तर तेही दिले असते. काकांचे निरोप वेगळे विकत मिळत असतील तर 500 रुपयांपर्यंत मी घेईन, तसं लेखी कळवलंय.

परताव्यासाठी बँकेत तक्रार टाकतो म्हटल्यावर दहाव्या दिवशी 2,541 रुपये 53 पैसे आले. उरलेले 457 रुपये 47 पैसे जीएसटीचे, ते परत होत नाहीत असं ताई म्हणतात. सेवा दिलीच नाही तर कर कशावर, हे मी त्यांना मेलवर विचारलंय. आज तिसरी आठवण पाठवली.