साबुदाण्याची वीण आणि बांबूच्या गोल सुया : दहा महिन्यांनंतर

मे महिन्यात कूलरसमोर बसून बाबांच्या स्वेटरची पाठ विणत होते. काखेसाठी टाके घटवायला तीनच ओळी राहिल्या होत्या आणि गोल सुईचं बांबूचं टोक, जे आट्यांनी केबलला जोडलेलं असतं, निघून हातात आलं. १०५ टाक्यांपैकी वीसेक सुटले, त्यातले अकरा खाली पळाले. साध्या विणीत पळालेला टाका क्रोशाच्या सुईनं सरळ वर ओढता येतो. साबुदाण्याच्या विणीत एक टाका सुलट, एक उलट असतो आणि पुढच्या ओळीत सुलट टाक्यावर उलट, त्यावर परत सुलट येतो, म्हणून दर पायरीला सुई एकदा पुढून, एकदा मागून घालावी लागते. अकरा टाके वर यायला दोन संध्याकाळी गेल्या. हे लिहायला तेव्हाच घेतलं होतं, पुरं आज करतेय.

या गोल सुयांचा सेट डिसेंबरात ऑनलाइन घेतला, १,८०० रुपयांना. आई तेव्हाच म्हणाली होती, "काहून वं एवढ्या महागाच्या सुया? माझ्या आहेत ना." तिच्या सुया इथल्या, नागपूरच्या इतवारी बाजारातल्या, जस्ताच्या रंगाच्या, लांबलचक, खुर्चीच्या हाताला अडकतात आणि विणलेल्याचा सगळा भार मनगटावर येतो. गोल सुईत तो मांडीवर राहतो. माझ्या दुखऱ्या मनगटाला यानं खरंच आराम पडला. टोकं छान निमुळती आहेत. मेच्या उकाड्यात घामट हातातून धातूची सुई सटकते, बांबूची सटकत नाही. जुलैच्या दमट हवेत मात्र ॲक्रिलिक लोकर बांबूवर अडायला लागली. मेणकागद घासला की सुई पुन्हा सरकते.

सेटवर मापं फक्त मिलिमीटरमध्ये आहेत. जुने नमुने वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आपला आठ नंबर म्हणजे ४ मिमी आणि दहा नंबर म्हणजे ३.२५. नंबर वाढला की सुई बारीक.

आता त्या जोडाबद्दल. कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं की परतीची मुदत सात दिवसांची. सुई सात दिवसांत कळते का? एक पाठ विणायलाच मला महिने लागले! तीन मेलनंतर नवी केबल आली, कुरिअरचे ६० रुपये माझ्याकडून घेऊन. १,८०० रुपयांच्या वस्तूत हे ६० रुपये मला अजून टोचतात.

तेव्हा मी एकच तारा देणार होते. पण नवी केबलही तिसऱ्या दिवशी सैल झाली, तेव्हा नीट पाहिलं. याच सुयांवर जानेवारीत साधा मफलर विणला होता, जोड एकदाही हलला नव्हता. साबुदाण्यात दर टाक्याला दोरा पुढे-मागे करावा लागतो, १०५ टाक्यांच्या ओळीत १०४ वेळा. माझा अंदाज असा की मनगटाच्या त्या सततच्या वळण्यानं आटे हळूहळू उलगडतात. आता रोज बसताना आणि मध्ये चहाला उठताना सोबतच्या पिननं जोड आवळते. जूनपासून एकदाही सुटलेला नाही. तरी हे पत्रकात लिहायला हवं होतं. तिथं "सुरुवातीला घट्ट करा" एवढंच आहे.

वीण मात्र कष्टाचं चीज करते. दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कडा वळत नाहीत. टाके विषम घेतले की प्रत्येक ओळ सुलटानं सुरू होऊन सुलटानंच संपते, मोजत बसावं लागत नाही. मापासाठी छोटा तुकडा आधी विणून बघाच. याच सुईवर साध्या विणीत १० सेंटीमीटरला २२ टाके आले, साबुदाण्यात २०. लोकरही जास्त लागते. मी ५०० ग्रॅम आणली होती, शेवटी १०० ग्रॅमसाठी परत इतवारी गाठावी लागली, आणि त्याच लॉटचा रंग मिळाला म्हणून निभावलं.

बाबा पहाटे साडेपाचला अंबाझरीला फिरायला जातात. डिसेंबर २०१८ मध्ये इथला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, त्या दिवशीही गेले होते. पाठ, पुढचा भाग आणि एक बाही झाली. दुसरी बाही याच सुयांवर चालू आहे, पिन लोकरीच्या गुंड्यात खोचलेली. तीन तारे, ६० रुपये परत आले तर चार करीन.