ग्रीक इंटरलिनियर अ‍ॅपवर योहान वाचताना: आठ महिन्यांचा अनुभव

आमच्या गुरुवारच्या घरप्रार्थनेत योहानाच्या शुभवर्तमानाचा २१वा अध्याय माझ्याकडे आला होता. नवा करार मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला. मी सांगून मोकळी झाले, की ‘तू माझ्यावर प्रीती करतोस का’ असं येशू पेत्राला तीनदा विचारतो, त्यातलं दोनदा ‘आगापाओ’ हा शब्द वापरून, आणि पेत्र ‘फिलेओ’ने उत्तर देतो, म्हणजे एक दैवी प्रीती आणि दुसरी नुसती मैत्री. असं मी एका प्रवचनात ऐकलं होतं. चहाच्या वेळी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाने सरळ विचारलं, “ताई, तुम्ही ग्रीक वाचता?” मी नाही म्हणाले. पण प्रश्न काही जाईना. त्याच आठवड्यात फोनवर हे मोफत अ‍ॅप घेतलं, आणि तेव्हापासून रोज पहाटे अर्धा तास योहान वाचते आहे.

अ‍ॅपमध्ये ग्रीक ओळ असते आणि प्रत्येक शब्दाखाली उच्चार, इंग्रजी अर्थ, व्याकरण आणि स्ट्राँगचा क्रमांक. जेम्स स्ट्राँग यांनी १८९० साली शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, मूळ शब्दांना क्रमांक दिले, तेच हे. ‘लोगोस’चा ३०५६. क्रमांकावर बोट ठेवलं, की तो शब्द नव्या करारात जिथे जिथे आला आहे त्या सगळ्या जागा समोर येतात. माझ्या मते अ‍ॅपची खरी किंमत या एका सोयीत आहे.

पहिले दोन महिने मात्र मी ते चुकीचं वापरलं. शब्दाखाली पाच अर्थ दिसले, की त्यातला मनाला भिडणारा उचलायचा आणि मूळ ग्रीकमध्ये असं आहे म्हणायचं. मग एकदा ‘आगापाओ’च्या सगळ्या जागा काढल्या. योहान ३:३५ मध्ये पिता पुत्रावर प्रीती करतो, तिथे ‘आगापाओ’. ५:२० मध्ये पुन्हा पिता पुत्रावर प्रीती करतो, आणि तिथे ‘फिलेओ’! पित्याची पुत्रावरची प्रीती दोन अध्यायांत उणावली असं कोण म्हणेल? योहान हे दोन शब्द बरेचदा एकाच अर्थाने वापरतो. पुढच्या गुरुवारी मी हे सभेत उभं राहून सांगितलं, कारण आधीचं शिकवणंही तिथेच झालं होतं.

त्याच अध्यायात खरं धन दुसरीकडेच होतं. किनाऱ्यावर येशूजवळ असलेल्या कोळशाच्या विस्तवाला ‘अँथ्राकिया’ म्हटलंय. क्रमांक दाबला, तर आख्ख्या नव्या करारात दोनच जागा: ही एक, आणि १८:१८. म्हणजे महायाजकाच्या वाड्यातला तो विस्तव, जिथे शेकत उभं असताना पेत्राने प्रभूला नाकारलं. तीन नकार एका विस्तवापाशी आणि तीन प्रश्न दुसऱ्या विस्तवापाशी. मराठी शास्त्रातही दोन्हीकडे विस्तव आहे, मी लहानपणापासून वाचत आले आहे. पण शब्दागणिक थांबल्याशिवाय दिसला नव्हता. त्या दिवशी पुढे वाचवलं नाही, तशीच बसून राहिले.

मराठी माणसाला यात एक वेगळाच आनंद आहे, तो इंग्रजी पुस्तकांत कुणी सांगत नाही. ग्रीकमध्ये आदरार्थी रूप नाही. येशूचा न्याय करणारा रोमी सुभेदार पिलात त्याला ‘सू’ (तू) म्हणतो, येशू पिलाताला ‘सू’ म्हणतो, आणि पेत्रही प्रभूला ‘सू’च म्हणतो: तू जाणतोस. मराठीत मात्र भाषांतरकाराला तू, तुम्ही, आपण यांतलं काहीतरी ठरवावंच लागतं. आपण गाताना देवाला तूच म्हणतो, म्हणून पेत्राचं ते ‘तू’ मला फार जवळचं वाटलं. तसंच १:१४ चं. शब्द देही झाला आणि त्याने वस्ती केली, यातलं क्रियापद तंबू ठोकून राहण्याचं आहे, थेट निर्गम या पुस्तकातला निवासमंडप, म्हणजे देवाच्या वस्तीचा तंबू, आठवावा असं. पण कुणामध्ये? ‘आमच्यामध्ये’ की ‘आपल्यामध्ये’? ग्रीक शब्द दोन्हींना एकच. ‘आमच्या’ म्हटलं तर डोळ्यांनी पाहणाऱ्यांची साक्ष, ‘आपल्या’ म्हटलं तर ऐकणारेही आत आले. केडगावला पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं शास्त्र मराठीत आणलं (ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापून आलं), त्यांना अशा किती जागी थांबावं लागलं असेल!

एक जागा जड गेली. ७:५३ ते ८:११, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, अ‍ॅपमध्ये दुहेरी कंसात आहे, कारण सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाही. माझी ही आवडती गोष्ट. दोन आठवडे मन अस्वस्थ होतं. पाळकांशी बोलले, ते म्हणाले, छापणाऱ्यांनी लपवलं नाही हेच बघा. मँचेस्टरच्या जॉन रायलँड्स ग्रंथालयात पपायरसचा तळहाताएवढा एक तुकडा आहे, बहुधा दुसऱ्या शतकातला. त्यावर योहानाच्या १८व्या अध्यायातल्या काही ओळी आहेत, पिलातासमोरच्या. मनाला धीर म्हणून त्याचं चित्र मी वहीत चिकटवलंय.

तक्रारी आहेतच. अर्थ फक्त इंग्रजीत. एका अपडेटनंतर माझ्या चार महिन्यांच्या टिपा गेल्या आणि परत मिळाल्या नाहीत. आता सगळं दोनशे पानी वहीत. उच्चार ऐकवणारा आवाज विद्यापीठी पद्धतीचा आहे, आजचे ग्रीक लोक तसं बोलत नाहीत; एक पद्धत धरून चालावं. आणि व्याकरण हे अ‍ॅप शिकवत नाही. मी वेगळं पुस्तक घेतलं. शाळेत संस्कृत झालं असेल तर विभक्ती परक्या वाटत नाहीत, तीन लिंगं तर मराठीतच आहेत. वारंवार येणारे तीनेकशे शब्द पाठ केले, की नव्या करारातला जवळजवळ ८० टक्के मजकूर ओळखीचा होतो. माझे आत्ता १८० झालेत.

तो कॉलेजातला मुलगाही आता बुधवारी संध्याकाळी येतो. आम्ही हिब्रूची २२ अक्षरं गिरवायला घेतली आहेत, जुन्या करारातल्या मूळ हिब्रू स्तोत्र १३६ साठी. त्यातल्या २६ वचनांत तीच ओळ फिरून येते, “त्याची दया सनातन आहे”. दयेसाठी तिथे ‘हेसेद’ आहे. त्याच्या सगळ्या जागा वाचून झाल्याशिवाय सभेत त्यावर बोलायचं नाही, असं दोघांनी ठरवलंय.