एमएस्सी ऑरगॅनिकनंतर: डिस्कव्हरीची नोकरी की पीएचडी?

निकाल लागले की ठाण्यातल्या कुणा ना कुणा ऑरगॅनिक केमिस्ट्रीवाल्याचा फोन येतोच. "दादा, ठाणे-बेलापूर पट्ट्यात डिस्कव्हरीची ऑफर आहे आणि जेआरएफही मिळालीय. काय घेऊ?" डिस्कव्हरी म्हणजे नव्या औषधांसाठी रेणू शोधणं-बनवणं, आणि जेआरएफ म्हणजे पीएचडीसाठीची सरकारी शिष्यवृत्ती. मी आधी सहा वर्षं नोकरी केली आणि मग उशिरा पीएचडी, म्हणजे दोन्हीकडचा सिलिका (रेणू शुद्ध करायची पूड) माझ्या फुप्फुसात गेलाय.

पैशाचं आधी उरकून टाकू. जेआरएफला २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, सिनियर झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. नव्या एमएस्सीला कंपनी सुरुवातीला यापेक्षा फार जास्त देईल असं धरून चालू नका. फरक पाच वर्षांनी पडतो. कंपनीत पगार वाढत जातो, इकडे मात्र स्टायपेंड उशिरा येण्याची सवय लावून घ्यावी लागते.

खरा फरक वेगळाच आहे: रेणू कशासाठी बनवायचा?

मुलुंडचंच उदाहरण घ्या, चेकनाका ओलांडला की आलंच. तिथल्या हेक्स्ट या औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७० च्या दशकात कोलियस या वनस्पतीच्या मुळांतून फोर्स्कोलिन वेगळं काढलं गेलं. शोध चालला होता रक्तदाबाच्या औषधाचा. हा रेणू अ‍ॅडेनिलेट सायक्लेज हे एन्झाइम थेट चालू करतो आणि सायक्लिक एएमपी (पेशीतला निरोप्या रेणू) वाढवतो. पाण्यात मात्र जेमतेम विरघळतो. औषध म्हणून त्याची वाट अवघडच राहिली, पण जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत त्याची कुपी फ्रीजमध्ये असतेच. गंमत पुढे आहे. फोर्स्कोलिन काही आयन चॅनेलही (पेशीच्या पडद्यातली आयनांची दारं) अडवतं, आणि त्याचा सायक्लिक एएमपीशी संबंध नसतो. मग पेशीत दिसलेला परिणाम नेमका कशामुळे झाला? त्यासाठी दोन हायड्रॉक्सिल गट कमी असलेला त्याचा भाऊ, १,९-डायडीऑक्सीफोर्स्कोलिन, प्रयोगाच्या थाळीतल्या शेजारच्या खळग्यात (वेलमध्ये) घालतात. तो एन्झाइमला हात लावत नाही, चॅनेल मात्र अडवतो; म्हणजे त्यानेही तोच परिणाम दिसला तर तो सायक्लिक एएमपीमुळे नाही. मुद्दाम 'निकामी' रेणू बनवण्यात आठवडे घालवायचे, आणि तरीही ते काम सर्वांत महत्त्वाचं ठरायचं. केमिकल बायॉलॉजीतली (रेणू वापरून पेशीचं काम उलगडण्याच्या शास्त्रातली) पीएचडी म्हणजे बऱ्याच अंशी हेच.

जेक्यू-१ चंही तसंच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला हा रेणू बीआरडी-४ या प्रथिनाला चिकटतो. त्याची आरशातली प्रतिमा चिकटत नाही, म्हणून तुलनेसाठीची कंट्रोल तीच. शरीरात तो लवकर संपतो. कंपनीच्या मीटिंगमध्ये तेवढ्यावरच त्याच्यावर फुली बसली असती. पण तो बनवणाऱ्यांनी मागेल त्याला वाटला, आणि पेशीत हे प्रथिन करतं काय, हे त्याच्यामुळे कितीतरी लोकांना तपासता आलं.

कंपनीत प्रश्न उलटा असतो. नुसतं चिकटून भागत नाही. विरघळायला हवं, यकृतातून सुटायला हवं, हृदयाच्या हर्ग चॅनेलला धक्का लागता कामा नये. म्हणून एकाच सांगाड्याचे थोडेथोडे बदललेले अ‍ॅनालॉगवर अ‍ॅनालॉग: अमाइड कपलिंग, सुझुकी अशा जोडणीच्या अभिक्रिया, मग वर्कअप, कॉलम ही सफाई, एलसीएमएसवर तपासणी, पुढचा. हाताला जो वेग येतो तो विद्यापीठात येत नाही. माझी टीएलसी (अभिक्रिया कुठवर आली हे दाखवणारी पट्टी) वाचायची नजर नोकरीतच तयार झाली. किचकट रेणूंची हौस मात्र तिथे सहसा भागत नाही. एरिब्युलिन हा ठळक अपवाद: सागरी स्पंजातल्या हॅलिकॉन्ड्रिन बी चं रसायनशास्त्रज्ञ किशींनी १९९२ मध्ये पूर्ण संश्लेषण केलं, त्यातून निम्मा रेणूच पुरेसा आहे हे कळलं, आणि त्या निम्म्यावर बेतलेलं एरिब्युलिन २०१० मध्ये स्तनाच्या कर्करोगावरचं औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झालं. बनवायला साठाहून जास्त पायऱ्या. असा प्रकल्प आपल्या वाट्याला येईल या आशेवर ऑफर घेऊ नका.

ऑफर कॉन्ट्रॅक्ट रिसर्चची (दुसऱ्या कंपनीसाठी रेणू बनवून देण्याची) असेल तर आणखी एक. रेणू ग्राहकाचा असतो. टार्गेट (रेणू ज्यावर चालायचा ते प्रथिन) कोणतं हे कधीकधी तुम्हाला सांगतही नाहीत. मी एका ठिकाणी आठ महिने एकच मालिका बनवली, वीस-वीस मिलिग्रॅमच्या कुप्या पाठवल्या, आणि त्या पेशींवर चालल्या की नाही हे आजतागायत मला माहीत नाही. घरी आईने विचारलं, "कसलं औषध रे?" तर सांगायला काहीच नव्हतं.

त्यामुळे इंटरव्ह्यूत पगाराआधी हे विचारा: अ‍ॅसेचा (जैविक चाचणीचा) डेटा केमिस्टला दिसतो का, आणि किती दिवसांत? पीएचडीच्या गाइडलाही तोच प्रश्न थोडा फिरवून: पेशींवरचं काम मी स्वतः करणार, की कुप्या दुसऱ्या विभागात देऊन सहा महिने वाट बघणार? खारघरचं कर्करोग संशोधनाचं अ‍ॅक्ट्रेक असो, पवईचं आयआयटी असो की माटुंग्याचं रसायन तंत्रज्ञानाचं आयसीटी, उत्तर संस्थेवर नाही, गाइडवर ठरतं. तिथल्या सिनियरबरोबर चहा प्या, तो खरं सांगेल.

तळोज्याकडच्या प्रोसेस केमिस्ट्रीबद्दलही (रेणू मोठ्या प्रमाणावर बनवण्याची पद्धत बसवणं) विचारतात. चांगलं काम आहे, नोकरीही टिकाऊ, पण तिथे रेणू आधीच ठरलेला असतो; जीवशास्त्राची ओढ असेल तर तो रस्ता नाही.

माझा कल? डेटा दाखवणारी नोकरी मिळत असेल तर आधी दोन वर्षं ती करा, हात बसू द्या, मग पीएचडी. फक्त जेआरएफच्या पत्राला मुदत असते. सही करण्याआधी त्यावरची तारीख बघा.